पितांबर आबांचा गोडकर

पिंप्राळ्यात पितांबर आबा पाटलांना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो एक तर कालच भाड्यानं राहायला आलेला असायचा, नाहीतर त्याची घरपट्टी जन्मात कधी थकलेली नसायची. आबांनी पस्तीस वर्षं पालिकेच्या वसुली विभागात काढली होती. थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायची पद्धत आपणच आणली असं आबा सांगायचे. पद्धत आधीपासूनच होती असं बाकीचे सांगायचे. पण ढोलवाल्याला पान खाऊ घालून 'जरा जोर लाव, आतल्या खोलीत निजलेत' असं म्हणणारा माणूस आबाच, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

या पस्तीस वर्षांतून आबांनी एकच गोष्ट शिकून घेतली होती. माणूस समजावून सुधारत नाही, रागावून सुधारत नाही, कर लावला की सुधारतो. रस्त्यावर थुंकणारे, लग्नात बँड लावणारे, गच्चीवर मोठमोठ्यानं फोनवर बोलणारे, सगळ्यांवर आबांनी मनातल्या मनात कर बसवून टाकलेले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हे दर ते अधूनमधून वाढवत असत. अडचण एवढीच होती, की आता त्यांना विचारत कुणी नव्हतं. नोकरीत असताना आबा गल्लीत शिरले की लोक ओट्यावरून उठून आत जायचे. आता आबा घरात शिरले तरी कुणी फोनवरून मान वर करत नव्हतं, आणि हे त्यांना फार लागायचं.

घरात माणसं मोजकीच. बायको सुनंदाबाई, माहेर शिरपूरकडचं. मुलगा ज्ञानेश्वर ठिबकचे पाइप करणाऱ्या कारखान्यात होता, सून दिपमाला पतसंस्थेत. नात डिंपल आठवीत. आबा आणि सुनंदाबाई एकमेकांशी अहिराणीतच बोलत. डिंपलला सगळी अहिराणी कळायची, पण उत्तर ती शाळेच्या मराठीत द्यायची.

मार्च संपता संपता सुनंदाबाईंचे गुडघे अगदीच बोलायला लागले, तेव्हा आबा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. शाळा लवकर सुटली म्हणून डिंपलही बरोबर आली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितले आणि सांगितलं, "अक्का, झीज बरीच झाली आहे. जिना चढायचा नाही. उकिडवं बसायचं नाही. भरलेली बादली उचलायची नाही. घरातल्या माणसांनी कामं वाटून घ्या, नाहीतर वर्षभरात ऑपरेशनचं बघावं लागेल."

आबांनी मान डोलावली. दवाखान्यात ते सगळ्यालाच मान डोलवायचे.

मग डॉक्टरांचं लक्ष डिंपलकडे गेलं. तिच्या एका हातात नारंगी रंगाच्या थंड्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात फुगलेलं पाकीट. डॉक्टर म्हणाले, "हिचं वजनही बघून घ्या. या बाटलीत किती साखर असते, माहीत आहे का? म्हणून तर अशा पेयांवर आणि पाकिटांवर जादा कर लावावा की नाही, यावर सगळीकडे वाद चाललाय. काही देशांत लावलाही आहे."

कर हा शब्द कानावर पडताच आबा खुर्चीत ताठ बसले. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या खात्यातलं बोललं होतं. रिक्षातून घरी येईपर्यंत सुनंदाबाई गुडघा चोळत होत्या आणि आबा दर ठरवत होते.

रविवारी सकाळी त्यांनी घरातल्यांना समोर बसवलं आणि जाहीर केलं, "सरकार लावेल तेव्हा लावेल. या घरात एक तारखेपासून गोडकर लागू."

ज्ञानेश्वरनं लगेच विरोध नोंदवला. "आबा, दिवसभर भट्टीसमोर उभा असतो मी. संध्याकाळी एक थंड प्यालो तर कुणाचं काय बिघडलं? कर लावून कुणी प्यायचं थांबतं का?"

"घरपट्टी लावली म्हणून लोकांनी घरं बांधायची थांबवली का?" आबांनी विचारलं. हे उत्तर आपल्याच विरुद्ध जातंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि ज्ञानेश्वरच्याही आलं नाही. वडील असे आवाज चढवून बोलले की त्याचं डोकं लहानपणापासून बंद पडायचं.

मग कशाकशावर कर लावायचा हा प्रश्न निघाला आणि तिथं दीड तास गेला. थंड्याच्या बाटल्या, फुगलेली पाकिटं, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया, पिझ्झा, क्रीमची बिस्किटं हे सगळं एकमतानं नाही, पण आबांच्या मतानं यादीत गेलं. केळीच्या वेफर्सपाशी गाडी अडली.

"केळी वेफर्स करमुक्त," आबा म्हणाले. "तो शेतीमाल आहे."

"तेलात तळलेले असतात," डिंपल म्हणाली.

"तळला म्हणून शेतीमाल बदलत नाही."

"मग बटाटा वेफर्स?"

"बटाटा आपल्या जिल्ह्याचा नाही."

शेव करमुक्त झाली, कारण शेवेशिवाय शेवभाजी कशी करणार? जिलबी करमुक्त झाली, कारण ती पाकिटात येत नाही. यादी पुरी झाली तेव्हा दिपमालानं ती एकदा वरपासून खालपर्यंत वाचली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, तुम्हाला आवडतं ते सगळं सुटलं आणि आम्हाला आवडतं ते सगळं अडकलं."

"कर असाच असतो," आबा म्हणाले. हे मात्र ते अनुभवानं बोलत होते.

आता उरला दर. पैशात कर घेण्यात अर्थ नव्हता. ज्ञानेश्वर कमावता होता, त्यानं खिशात हात घातला असता आणि मोकळा झाला असता. म्हणून आबांनी ठरवलं की कर कामात भरायचा. बाटली प्यायली की घरातलं एक काम. मोठी बाटली, मोठं काम. पण घरात कामं असतात तरी कोणती, हे आबांना नीटसं ठाऊक नव्हतं. ते वही घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. सुनंदाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, एका पायावर भार टाकून.

"घरमा कामं काय काय र्‍हातस? सांग, मी लिखी लेस."

सुनंदाबाईंनी वळून वहीकडे बघितलं. "कागद कितला शेत तुमनाजोडे?"

आबांना वाटलं, कागद पुरेल का असं विचारून ती चेष्टा करतेय. पण त्या सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. कूलरमध्ये आठ बादल्या पाणी भरणं, तूर निवडणं, गच्चीवर चढून पाण्याची टाकी धुणं, गोधड्या वाळत घालणं, कोठीतल्या दादर ज्वारीला ऊन दाखवणं, पंखे पुसणं, नळाला पाणी आलं की पाइप धरून उभं राहणं, मोरी घासणं. पहिलं पान भरलं, दुसरं भरलं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर आबांनी पेन थांबवलं. वसुलीत त्यांनी असे लोक पाहिले होते, मागितलं एक की दहा सांगणारे. ही उगाच वाढवून सांगतेय, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि ते वही मिटून बाहेर आले.

एक तारखेला गोडकर सुरू झाला. आबांनी जुन्या पावती पुस्तकासारखं एक पुस्तक स्वतः शिवलं. त्यात नाव, जिन्नस, करापोटी काम आणि वसुली अधिकाऱ्याची सही अशा चार ओळी होत्या. सहीचा सराव त्यांनी आधीच्या संध्याकाळी करून ठेवला होता.

पहिला सापडला ज्ञानेश्वर. कारखान्यातून आल्या आल्या त्यानं फ्रिज उघडला, बाटली तोंडाला लावली आणि थेट न्हाणीत जाऊन कडी घातली. आबांनी स्टीलचं ताट घेतलं, पळी घेतली आणि न्हाणीच्या दारात उभं राहून बडवायला सुरुवात केली. "ज्ञानेश्वर पितांबर पाटील! एक बाटली! कूलर भरणे बाकी!" शेजारपाजारचे कुंपणापाशी जमले. टॉवेल गुंडाळलेला ज्ञानेश्वर बाहेर आला तेव्हा समोरच्या कोकिळा अक्कांनी तोंडाला पदर लावला होता. त्यानं मुकाट्यानं बादली उचलली. आठ बादल्या भरून झाल्यावर आबांनी त्याच्या ओल्या हातात पावती दिली.

डिंपलनं दोन पाकिटांपोटी किलोभर तूर निवडली. दिपमालानं महिनाअखेरचा पिझ्झा मागवला आणि कर म्हणून चार गोधड्या गच्चीवर नेऊन वाळत घातल्या. ज्ञानेश्वरनं रविवारी मोठी बाटली संपवली आणि टाकीत उतरून शेवाळ घासलं. घर बघता बघता लखलखायला लागलं. पंख्यांचा मूळ रंग बदामी होता हे डिंपलला तेव्हा कळलं. उन्हाळ्यातले बिबडे, म्हणजे दादरच्या पिठाचे ते मोठे पापड, यंदा सुनंदाबाईंना गच्चीवर चढून घालावे लागले नाहीत. त्या खाली खुर्चीत बसून सांगत होत्या आणि वर तीन करदाते उन्हात घालत होते. आकार कुठलाच गोल नव्हता, पण दोन डबे भरले.

सुनंदाबाई दुपारच्या जरा आडव्या व्हायला लागल्या. आबांना हे दिसलं नाही असं नाही. त्यांना वाटलं, उन्हाळा आहे.

आबांचा मात्र थाट परतला होता. शर्टाच्या खिशाला पुन्हा पेन लागलं. ते घरात आले की कुणीतरी गडबडीनं काहीतरी लपवायचं आणि त्या गडबडीनं त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. भाजी आणायला गेले तरी ते गोडकराचा विषय काढत. आपल्या घरातला प्रयोग बघून सरकारनं काहीतरी शिकावं, असं ते इतक्या लोकांना म्हणाले, की अखेर ज्येष्ठ नागरिक संघानं मे महिन्याच्या शेवटी वादसभाच ठेवली. विषय असा होता, गोड पेयं आणि चटपटीत पाकिटं यांवर जादा कर असावा की नसावा. अध्यक्ष होते निवृत्त मुख्याध्यापक झुलाल नाना.

ओपन स्पेसवरच्या सभागृहात पंखे गरगरत होते आणि गरम हवा इकडून तिकडे करत होते. कोकिळा अक्का पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या कराच्या बाजूनं बोलल्या. "पंचवीस वर्षांच्या पोरांना साखरेच्या गोळ्या चालू झालेल्या मी बघितल्यात. बाटली महाग झाली तर निदान पाचातली एक तरी कमी होईल."

कोपऱ्यावरचा किराणावाला रतिलाल विरुद्ध बाजूनं उठला. "अक्का, मजुराची दहा रुपयांची चैन तुम्हाला दिसते. मोठ्या हॉटेलातल्या केकवर कुणी बोलत नाही. त्यापेक्षा शाळेत शिकवा, पाण्याची सोय करा. गावोगाव थंडा मिळतो, पण थंड पाणी मिळत नाही."

याला टाळ्या पडल्या. कोकिळा अक्कांनाही पडल्या होत्या. सभेला दोन्ही बाजू पटत होत्या आणि उकडत होतं. तेव्हा आबा उठले. त्यांच्या हातात पावती पुस्तकं होती.

"हे सगळं तोंडी चाललंय," ते म्हणाले. "मी पुरावा आणलाय. गोडकर लावून दोन महिने झाले. एप्रिलमध्ये माझ्या घरात अठ्ठावीस पावत्या फाटल्या. मे महिना अजून संपायचा आहे, तर त्रेपन्न!" त्यांनी दुसरं पुस्तक वर धरलं. "वसुली जवळजवळ दुप्पट! पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी वाढ मी पाहिली नाही."

आणि ते टाळ्यांसाठी थांबले.

झुलाल नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पितांबर," ते म्हणाले, "म्हणजे बाटल्याही दुप्पट प्यायल्या गेल्या ना?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळे हसले. रतिलाल तर भिंतीला धरून हसत होता. आबा हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. घरपट्टीची वसुली वाढली की साहेब पाठ थोपटायचे. पावत्या जास्त म्हणजे काम चांगलं, हे त्यांच्या हाडामांसात इतकं भिनलं होतं, की ही पावती कशाची फाडतोय याचा त्यांनी दोन महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता. त्यांचे कान तापले. ते खाली बसले आणि सभा संपेपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

बाहेर पडताना त्यांनी रतिलालला गाठलं. "माझ्या घरी एवढ्या बाटल्या येतात कुठून?"

रतिलालचं हसू मावळलं. "आबा, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. सुनंदा अक्का दर दोन दिवसांनी येतात. मोठ्या बाटल्या नेतात, पाकिटं नेतात. म्हणतात, आबांना सांगू नको, त्यांच्याच खात्याचं काम चाललंय."

आबा घरी आले ते तडक कोठीच्या खोलीत गेले. लपवलेला माल कुठे असतो, हे वसुलीनं त्यांना शिकवलं होतं. दादरच्या कोठीचं झाकण काढून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. हाताला धान्य लागलं, मग बाटलीचं बूच लागलं. मग दुसरं आणि तिसरं. त्यांनी तिन्ही बाटल्या ओढून काढल्या आणि ओट्यावर नेऊन आदळल्या. सुनंदाबाई भाकरी थापत होत्या.

"ह्या तू लई येस?"

"हां. मीच लई येस."

"कसाले?"

"टाकी धुवानी व्हती," सुनंदाबाई म्हणाल्या. जणू एवढ्यानं सगळं सांगून झालं.

"मंग ज्ञानेश्वरले सांगानं!"

"दहा साल सांगं. तो म्हने, रविवारले करसू. कोनता रविवार ते काय त्यानी सांगं नही." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि हात धुतले. "डॉक्टरनी दोन गोष्टी सांग्यात. कामं वाटी ल्या, आनि पोरले गोड कमी द्या. तुम्हले फक्त कर याद र्‍हायना. मी रोज देखस, बाटली उघडनी का घरमा बठ्ठा कामले लागतस. नही उघडनी का कोनी हालत नही. मंग मी बाटल्या लई येस."

"आनि पोरनी तब्येत?"

आता सुनंदाबाईंची मान खाली गेली. "ते मन्हं चुकनं. माले समजस. पन जिना चढताना गुडघामा कळ येस ना, तव्हय दुसरं काहीच सुचत नही."

आबांना राग यायला हवा होता आणि आलाही, पण तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. सभेतलं हसणं अजून कानात होतं. मग माणूस अशा वेळी करतो तेच त्यांनी केलं. सगळ्यांवरच काढला. पावती पुस्तकं माळ्यावर फेकली आणि दारातून ओरडले, "कर बंद! आजपासून बठ्ठा बंद!"

डिंपलनं आनंदानं उडी मारली. ज्ञानेश्वरनं तर खुर्चीतल्या खुर्चीत पाय लांब केले.

त्यानंतर घर किती झपाट्यानं पूर्वपदावर आलं, ते बघण्यासारखं होतं. कोठीतला पुरवठा थांबला तशा बाटल्या कमी झाल्या. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन रतिलालकडून थंडा आणण्याइतकी तहान त्या घरात कुणालाच नव्हती. डिंपल चार दिवसांत माठातलं पाणी प्यायला लागली. म्हणजे जे आबांना दोन महिने कर लावून जमलं नव्हतं, ते कर काढल्यावर आपसूक झालं. पण बाटल्यांबरोबर कामंही थांबली. कूलर गरम वारा फेकायला लागला, तूर डब्यात तशीच पडून राहिली, पंखे पुन्हा राखाडी झाले. ज्ञानेश्वर आला की फोन घेऊन पडायचा. दिपमाला पतसंस्थेतून थकून यायची आणि स्वयंपाकाला हात लावायची, पण बाकीचं तिच्या डोळ्यांनाही दिसेनासं झालं होतं. आबा रुसून पेपर वाचत बसायचे. सभेत झालेली शोभा त्यांना चघळायला पुरत होती.

असे आठ-दहा दिवस गेले. उद्या सकाळी नळाला पाणी येणार म्हणून टाकी आज धुवायला हवी होती. सकाळचे साडेआठ वाजले असतील. आबा पेपर घेऊन ओट्यावर जायला निघाले आणि जिन्यापाशी थांबले.

पाचव्या पायरीवर सुनंदाबाई बसल्या होत्या. शेजारी बादली, बादलीत ब्रश. दोन्ही हातांनी त्या उजवा गुडघा दाबत होत्या. चेहऱ्यावर कुरकुर नव्हती की कुणाला हाक मारायचा विचारही दिसत नव्हता. बसची वाट बघत बसावं तशा त्या बसल्या होत्या.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"काही नही. पाच पायऱ्या व्हयन्यात का जराशी बसस. मंग जास."

"कव्हयपाईन?"

सुनंदाबाईंनी आठवून बघितलं. "दोन साल व्हयनात."

आबा याच घरात राहत होते. दोन वर्षं याच जिन्याखालून ते ओट्यावर पेपर वाचायला जात होते. कुणाच्या दाराबाहेर गाडी नवी आली, कुणी गच्चीवर पत्रे टाकले, कुणी गेट रस्त्यावर ओढलं, हे त्यांना पिंप्राळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माहीत होतं. आपल्या घरातल्या पाचव्या पायरीवर काय चालतं हे माहीत नव्हतं. वहीची अडीच पानं त्यांना आठवली. आपण तिला वाढवून सांगणारी समजलो, हेही आठवलं. पस्तीस वर्षांत दारात ढोल वाजले तेव्हा माणसं मान खाली का घालत होती, ते त्यांना आज कळत होतं. त्यांच्या दारात तर कुणी ढोलसुद्धा वाजवला नव्हता.

त्यांनी पेपर जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि बादली उचलली.

"तुम्ही? तुम्हले जमाव नही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"खाले उतर. बस खुर्चीवर," आबा म्हणाले. वसुली अधिकाऱ्याचा आवाज काढायला गेले, पण तो काही निघाला नाही.

टाकी धुणं म्हणजे वरून पाणी ओतणं, अशी आबांची समजूत होती. प्रत्यक्षात कमरेइतकं आत वाकावं लागतं, एका हातानं काठ धरावा लागतो आणि दुसऱ्या हातानं घासताना सगळं शेवाळ शर्टाच्या बाहीवर येतं. अर्ध्या तासानं गच्चीवर नुसता एक पायजमा टाकीबाहेर लोंबत होता आणि आतून धापांचा आवाज येत होता. आवाज ऐकून डिंपल वर आली. तिच्या मागोमाग दिपमाला. त्यांनी बराच वेळ तो पायजमा बघितला.

"आबा," डिंपलनं काळजीनं विचारलं, "तुम्ही किती बाटल्या प्यायलात?"

"एकबी नही!" टाकीतून घुमत उत्तर आलं.

"मग काम का करताय?"

आत ब्रशचा आवाज थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. डिंपलनं दिपमालाकडे बघितलं, दिपमालानं खाली अंगणात खुर्चीत बसलेल्या सासूकडे बघितलं. मग तिनं दुसरी बादली आणायला डिंपलला पिटाळलं आणि स्वतः पदर खोचला. रविवार नव्हता, तरी थोड्या वेळानं ज्ञानेश्वरही वर आला. त्यानं वडिलांना कमरेला धरून टाकीतून बाहेर ओढलं आणि स्वतः आत उतरला. त्या दिवशी तो कामावर अर्धा तास उशिरा गेला.

आबा खाली आले तेव्हा कोपरापासून पाणी निथळत होतं, चष्म्यावर शेवाळाचा ठिपका होता आणि पाठ सरळ होत नव्हती. सुनंदाबाई अंगणातल्या खुर्चीत दोन्ही पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. आबांना तिथं थांबून काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण असं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते आत गेले. बऱ्याच भांड्यांचा आवाज झाला. पाच-दहा मिनिटांनी ते दोन कप चहा घेऊन बाहेर आले. बशीत अर्धा सांडलेला होता.

सुनंदाबाईंनी कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि आबांकडे बघितलं.

"साखर नही टाकी."

आबांनी आपला कप चाखून बघितला. खरंच नव्हती. दोन महिने घराच्या साखरेवर राज्य केलेला माणूस दारात ओलाचिंब उभा होता.

"साखर र्‍हास कोठे?" त्यांनी विचारलं.

सुनंदाबाई म्हणाल्या, "वरली फळीवर. पीठना डबाना मांगे. हिरवं झाकन शे."

त्या उठतील म्हणून आबा सवयीनं थांबले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत कुठलीही वस्तू कुठे आहे असं विचारलं की सुनंदाबाई उठायच्या आणि ती वस्तू हातात आणून द्यायच्या. आज त्यांनी जागा सांगितली, पाय स्टुलावर जरा नीट ठेवले आणि त्या उठल्या नाहीत.